सोसायटीच्या बिलासाठी ड्रूल्स: नियम लिहिण्याचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

ठाणे आणि नवी मुंबईत गृहनिर्माण संस्थांचे बिलिंग सॉफ्टवेअर करणाऱ्या छोट्या-मोठ्या टीम बऱ्याच आहेत. प्रत्येक संस्थेची आकारणी थोडी वेगळी असते. घोडबंदर रोडच्या संकुलात टँकरचा वेगळा आकार असतो, वाशी-नेरुळच्या सिडको वसाहतीतल्या संस्थेत तो नसतो, आणि सात टॉवरच्या फेडरेशनमध्ये प्रत्येक इमारतीच्या बिलावर फेडरेशनचा हिस्सा चढतो. इफ-एल्सचे जंगल वाढले की कोणीतरी रूल इंजिन (नियम कोडबाहेर वेगळ्या फाइलमध्ये ठेवून चालवणारे सॉफ्टवेअर) सुचवते आणि जावात बहुतेक वेळा गाडी ड्रूल्स या इंजिनावर येते. पुढच्या महिन्यात बिले चुकतात. दोष सहसा इंजिनात नसतो. जावाची सवय असलेला माणूस रूल फाइल वरून खाली वाचतो, इंजिन तशी वाचत नाही.

म्हणून इथे मासिक बिल हे एकच उदाहरण शेवटपर्यंत घेतले आहे.

## टप्पा १: इंजिन लागते का, ते आधी ठरवा

एकाच संस्थेचे बिल करायचे असेल, नियम दहा-पंधरा असतील आणि वर्षातून एकदा बदलत असतील, तर साधा जावा क्लास आणि दरांचे एक टेबल पुरे. इंजिनाचा फायदा तीन गोष्टी एकत्र आल्या की दिसतो: नियम अनेक आहेत, ते संस्थेगणिक बदलतात, आणि एका नियमाच्या निकालावर दुसरा नियम अवलंबून आहे. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ती नसेल तर तुम्हाला फक्त कॉन्फिगरेशन हवे आहे.

## टप्पा २: नियम आधी कागदावर, तेही दर वेगळे काढून

रूल फाइल उघडण्याआधी संस्थेचे उपविधी, सर्वसाधारण सभेचे ठराव आणि मागची तीन महिन्यांची बिले समोर घ्या. प्रत्येक आकारासाठी चार रकाने भरा: कोणाला लागतो, कशावर मोजतो, दर काय, आणि तो मोजण्याआधी दुसरे काय मोजून झालेले हवे.

आदर्श उपविधींवर चालणाऱ्या संस्थेत यादी साधारण अशी निघते. सेवा शुल्क प्रत्येक सदनिकेला समान. पाणीपट्टी नळजोडांची संख्या आणि आकार पाहून. दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के, सिंकिंग फंड किमान ०.२५ टक्के. सदनिका भाड्याने दिली असेल तर बिनभोगवटा शुल्क. ते १ ऑगस्ट २००१ च्या सरकारी आदेशानुसार सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि सदनिकेत सभासदाचे जवळचे नातलग राहत असतील तर लागतच नाही. थकबाकीवर सरळव्याज, आदर्श उपविधींत कमाल मर्यादा २१ टक्के अशी चालत आली आहे, पण तुमच्या संस्थेने ठरावाने किती ठेवले आहे तेच बिलात जाईल.

मग जीएसटी. संस्थेची वार्षिक उलाढाल २० लाखांवर आणि सदनिकेचे मासिक शुल्क ७,५०० रुपयांवर, या दोन्ही अटी पुऱ्या झाल्या तरच १८ टक्के. कर पूर्ण रकमेवर की फक्त ७,५०० च्या वरच्या रकमेवर, हा वाद आहे: जुलै २०१९ च्या सीबीआयसी (केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळ) परिपत्रकाने पूर्ण रक्कम धरली, मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये फक्त वरची रक्कम धरली. संस्थेच्या सीएने काय ठरवले ते लेखी घ्या. प्रोग्रामरने हा निर्णय स्वतः घेऊ नये, आणि तो दोन नियमांत विखरून तर अजिबात ठेवू नये.

इशारा: १०, २१, ७,५००, १८ यांपैकी एकही आकडा रूल फाइलमध्ये थेट लिहू नका. संस्था, शुल्कप्रकार, दर आणि 'कोणत्या तारखेपासून' असे चार रकाने असलेला दर-फॅक्ट (फॅक्ट म्हणजे इंजिनाला दिलेली माहिती, टप्पा ३ पाहा) करा आणि तो डेटाबेसमधून भरा. नियम म्हणजे तर्क. आकडा हा डेटा असतो आणि तो सभेच्या एका ठरावाने बदलतो.

## टप्पा ३: फॅक्टचे क्लास

निम्म्या चुका इथेच पेरल्या जातात.

फॅक्ट म्हणजे वर्किंग मेमरीत, इंजिन ज्यावर नियम तपासते त्या साठ्यात, टाकलेला साधा जावा ऑब्जेक्ट. या उदाहरणाला पाच क्लास पुरतात: बिल-संदर्भ (महिना, संस्था, बिलाची तारीख), सदनिका, थकबाकी, दर, आणि आकार. आकार म्हणजे बिलातली एक ओळ: सदनिका क्रमांक, प्रकार, रक्कम.

एक: फॅक्ट सभासदाचा नको, सदनिकेचा हवा. एकाच्या नावावर दोन सदनिका असतील तर ७,५०० ची मर्यादा प्रत्येक सदनिकेला वेगळी लागते, हे जुलै २०१९ च्या त्याच परिपत्रकात स्पष्ट आहे. सभासदाला फॅक्ट केले की दोन्ही बिलांची बेरीज होते आणि नको तिथे कर लागतो.

दोन: निकाल आणि माहिती एकाच क्लासात ठेवू नका. सदनिकेच्या क्लासात 'एकूण बिल' असे फील्ड ठेवून प्रत्येक नियमाने त्यात भर घालायची, हा मोह टाळा. नियमाने नवा आकार इन्सर्ट करावा. सदनिकेला हात लावू नये. कारण टप्पा ५ मध्ये दिसेल.

तीन: रक्कम डबलमध्ये नको. बिगडेसिमल घ्या किंवा पैशांत लाँग. पैशांचे रुपयात पूर्णांकन फक्त शेवटच्या टप्प्यात, एकाच ठिकाणी.

चार: हिशोबाने निघणाऱ्या गेटरपासून सावध. ड्रूल्स ७ पासून प्रॉपर्टी रिअॅक्टिव्हिटी आपोआप चालू असते: मॉडिफाय ब्लॉकमध्ये (नियमातला फॅक्ट बदलणारा भाग) जे फील्ड बदलले, त्यावर अट असलेलेच नियम पुन्हा तपासले जातात. 'भाड्याने आहे का' हे उत्तर तुम्ही भाडेकरूच्या फील्डवरून काढत असाल आणि नियमाची अट त्या उत्तरावर असेल, तर भाडेकरू बदलल्याचे इंजिनाला कळणार नाही. सेटरवर मॉडिफाइज हे अॅनोटेशन लावा, किंवा उत्तर सरळ वेगळ्या फील्डात साठवा.

## टप्पा ४: प्रकल्पाची मांडणी

आधी आवृत्ती. ड्रूल्स ७ जावा ८ वर चालते, ८ ला किमान जावा ११ लागते, आणि अपाचे केआयईखाली आलेल्या १० ला जावा १७. ग्राहकाच्या सर्व्हरवर कोणता जावा आहे ते विचारल्याशिवाय आवृत्ती निवडू नका. मेव्हनमध्ये ड्रूल्सचा बीओएम (एकमेकांशी जुळणाऱ्या आवृत्त्यांची यादी) आयात करा आणि प्रत्येक डिपेंडन्सीची आवृत्ती तिथूनच येऊ द्या. इंटरनेटवरचे निम्मे नमुने ६ आणि ७ चे आहेत. त्यांतले तुकडे नव्या आवृत्तीत चिकटवले की बिल्ड होते आणि चालताना क्लास सापडत नाही.

रूल फाइल रिसोर्सेस फोल्डरमध्ये, पॅकेजच्या नावाशी जुळणाऱ्या उपफोल्डरमध्ये ठेवा. मेटा-आयएनएफमध्ये के-मॉड्यूलची एक्सएमएल फाइल हवीच. ती रिकामी असली तरी चालते, पण नसेल तर कंटेनरला (नियम शोधून लोड करणारा ड्रूल्सचा ऑब्जेक्ट) तुमचे नियम दिसत नाहीत. त्या फाइलमध्ये पॅकेजेस हा गुण लिहिला असेल तर फोल्डरचे नाव अक्षर न् अक्षर जुळले पाहिजे. नाही जुळले तर एरर येत नाही. सेशन, म्हणजे नियम चालवण्याची एक फेरी, शून्य नियमांनिशी मुकाट उघडते.

नियमांची नावे मराठीत खुशाल ठेवा, अवतरणचिन्हांत काहीही चालते. लॉगमध्ये 'बिनभोगवटा शुल्क' असे दिसले की संस्थेच्या खजिनदाराशी बोलणे सोपे जाते. फाइल मात्र यूटीएफ-८ मध्येच जतन करा आणि मेव्हनमध्येही तेच एन्कोडिंग नोंदवा. जावा १८ च्या आधी डिफॉल्ट एन्कोडिंग ऑपरेटिंग सिस्टमवरून ठरत असे, त्यामुळे विंडोजवर बिल्ड केलेल्या नावांच्या जागी प्रश्नचिन्हे येतात.

तपासा: कंटेनर तयार झाल्यावर लगेच व्हेरिफाय चालवा आणि एरर पातळीचा एकही संदेश असेल तर अॅप्लिकेशन सुरूच होऊ देऊ नका. शिवाय नॉलेज बेसमधल्या (कंपाइल झालेल्या सगळ्या नियमांचा संच) नियमांची संख्या लॉगमध्ये छापा. ती अपेक्षेपेक्षा कमी दिसली तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ५: नियम लिहा

बिनभोगवटा शुल्काचा नियम मराठीत मांडला तर असा (व्हेनखाली अटी, देनखाली त्या जुळल्यावर करायचे काम; अजेंडा-ग्रुपबद्दल टप्पा ६ मध्ये):

रूल "बिनभोगवटा शुल्क"
अजेंडा-ग्रुप "आकारणी"
व्हेन
– सदनिका भाड्याने दिलेली आहे, राहणारा जवळचा नातलग नाही
– त्याच सदनिकेचा सेवा शुल्काचा आकार आहे
– बिनभोगवटा शुल्काचा, बिलाच्या तारखेला लागू असलेला दर आहे
– त्याच सदनिकेचा बिनभोगवटा आकार अजून नाही
देन
– सेवा शुल्क × दर एवढ्या रकमेचा नवा आकार इन्सर्ट करा
एंड

यातले 'त्याच सदनिकेचा' हे शब्द सर्वांत महागडे आहेत. ते गाळले की इंजिन प्रत्येक सदनिकेची प्रत्येक आकाराशी जोडी लावते. एकाच सेशनमध्ये २४० सदनिका आणि प्रत्येकी ७ आकार असतील तर १,६८० आकार होतात आणि जोड्या ४,०३,२००. सर्व्हर धापा टाकतो, शिवाय एकाच्या बिलात दुसऱ्याचे पाणी येते. व्हेनमधला प्रत्येक पॅटर्न (अटीची एक ओळ) आधीच्या एखाद्या पॅटर्नला सदनिका क्रमांकाने किंवा संस्थेने बांधलेला आहे ना, हे रिव्ह्यूमध्ये बोट ठेवून पाहा. सर्वांत जास्त फॅक्ट गाळणारा पॅटर्न वर ठेवा. इव्हॅल (पॅटर्नबाहेर लिहिलेली मोकळी जावा अट) वापरू नका. त्यातल्या अटीचा इंडेक्स होत नाही.

### न थांबणारा नियम

थकबाकीचा नियम नवशिका असा लिहितो: थकबाकी शून्याहून जास्त असेल तर थकबाकीत व्याज मिळवून अपडेट कर. दहा हजारांवर २१ टक्क्यांनी महिन्याचे १७५ रुपये व्हायला हवेत. होते असे की थकबाकी १०,१७५ झाल्यावर फॅक्ट बदलला, अट पुन्हा खरी झाली, नियम पुन्हा चालला. सरळव्याजाचे चक्रवाढ होते आणि प्रोग्राम थांबतच नाही.

लगेच सुचणारा उपाय म्हणजे नो-लूप. तो फक्त नियमाने स्वतःच केलेल्या बदलामुळे स्वतःलाच पुन्हा जागे करणे रोखतो. नियम अ ने ब ला आणि ब ने अ ला जागे केले, तर नो-लूप काही करत नाही. खरा उपाय टप्पा ३ मध्ये केलेली विभागणी: थकबाकीला हात न लावता १७५ चा वेगळा आकार इन्सर्ट करा आणि 'तो आकार अजून नाही' ही अट ठेवा. नो-लूपवर टेकलेली रूल फाइल दिसली की मांडणीत काहीतरी बिघडले आहे असे समजावे.

इशारा: 'अजून नाही' ही अट आणि इन्सर्ट-लॉजिकल एकत्र वापरू नका. इन्सर्ट-लॉजिकलने टाकलेला फॅक्ट त्याच्या अटी खऱ्या असेपर्यंतच टिकतो. आकार टाकला की 'अजून नाही' खोटे होते, म्हणून इंजिन आकार काढून टाकते. आकार गेला की अट पुन्हा खरी. हा खेळ अखंड चालतो. इन्सर्ट-लॉजिकल वापरायचे तर ती अट नको. अट ठेवायची तर साधा इन्सर्ट.

आणखी दोन खाचखळगे. नेस्टेड ऑब्जेक्टच्या आतली किंमत बाहेरून बदलली तर इंजिनाला कळत नाही. आतला ऑब्जेक्ट स्वतंत्र फॅक्ट करा. आणि ग्लोबलमधली (फॅक्ट न करता सेशनला बाहेरून दिलेला ऑब्जेक्ट) बदलती किंमत व्हेनमध्ये वापरू नका, कारण ग्लोबलवर इंजिनाची नजर नसते. ग्लोबल फक्त लॉगर किंवा निकालाची यादी यांसाठी ठेवा.

## टप्पा ६: क्रम

फाइलमध्ये आधी लिहिलेला नियम आधी चालेल याची हमी नाही. इथे ते थेट पैशांत दिसते. समजा एका सदनिकेची बिनभोगवटा शुल्क सोडून आकारणी ७,४०० आहे, त्यात सेवा शुल्क ३,०००. भाड्याने दिली असल्याने वर ३०० येणार. सीएने बिनभोगवटा शुल्क करपात्र रकमेत धरायला सांगितले असेल तर एकूण ७,७०० होतात आणि पूर्ण रकमेवर कर धरला तर १,३८६ रुपये जीएसटी. कराचा नियम आधी चालला तर त्याला ७,४०० दिसतात आणि कर शून्य. दोन्ही वेळा प्रोग्राम बिनतक्रार पूर्ण होतो.

सेलियन्सने हे सोडवायला जाऊ नका. सेलियन्स म्हणजे नियमाला दिलेला अग्रक्रमाचा आकडा: डिफॉल्ट ०, मोठा आधी. पाच नियमांना चालते. चाळीस नियमांत कोणाला ९५ आणि कोणाला ९७ का दिले हे सहा महिन्यांनी कोणालाच सांगता येत नाही. त्याऐवजी चार अजेंडा-ग्रुप, म्हणजे फोकस दिल्यावरच चालणारे नियमांचे गट, करा:

1. आकारणी: सेवा शुल्क, पाणी, टँकर, निधी, पार्किंग, बिनभोगवटा
2. व्याज
3. बेरीज
4. कर आणि पूर्णांकन

ग्रुपचा फोकस स्टॅकसारखा चालतो: शेवटी दिलेला आधी. म्हणजे कोडमध्ये सेट-फोकस उलट्या क्रमाने लिहायचे: आधी कर, मग बेरीज, मग व्याज, शेवटी आकारणी. एक ग्रुप रिकामा झाला की तो स्टॅकवरून उतरतो आणि परत येत नाही, त्यामुळे कराच्या ग्रुपमधल्या नियमाने नवा आकार टाकला तर बेरीज पुन्हा होणार नाही.

बेरजेसाठी अॅक्युम्युलेट आणि सम (अनेक फॅक्टची बेरीज काढण्याची ड्रूल्सची सोय). आकार एकही नसला तरी सम शून्य देते आणि नियम चालतो, म्हणून आकार नसलेल्या सदनिकेलाही शून्याचे बिल निघेल. ते नको असेल तर 'किमान एक आकार आहे' ही अट वर ठेवा. जुन्या आवृत्त्यांत सम बिगडेसिमलऐवजी डबल परत देत असे, तेव्हा निकालाचा प्रकार चाचणीत नक्की पाहा.

## टप्पा ७: सेशन चालवणे

नॉलेज बेस बनवणे जड काम आहे. तो अॅप्लिकेशन सुरू होताना एकदाच बनवा आणि सर्वांनी तोच वापरावा. सेशन हलके असते: प्रत्येक सदनिकेच्या बिलासाठी नवे उघडा, फॅक्ट टाका, फोकस लावा, नियम चालवा, आकार बाहेर काढा, आणि फायनली ब्लॉकमध्ये डिस्पोज करा. डिस्पोज विसरले तर मेमरी हळूहळू भरते आणि मोठ्या संकुलाच्या बिलांच्या रात्री सर्व्हर पडतो. एकच सेशन अनेक थ्रेडमध्ये फिरवू नका.

फायर-ऑल-रूल्सला कमाल मर्यादा द्या. एका सदनिकेला वीस नियम चालत असतील तर मर्यादा २०० ठेवा. तो मेथड किती नियम चालले ते परत देतो. आकडा मर्यादेला टेकला तर बिल रद्द करून एरर टाका. न थांबणारा नियम रात्री दोन वाजता नाही, चाचणीतच सापडतो.

### एकही नियम चालला नाही तर

परतलेला आकडा शून्य असेल तर या क्रमाने शोधा:

- नॉलेज बेसमधल्या नियमांची संख्या शून्य आहे का? मग फोल्डर किंवा के-मॉड्यूल.
- अजेंडा-ग्रुपला फोकस दिला का? न दिलेल्या ग्रुपचे नियम जुळूनही चालत नाहीत.
- रूल फाइलने आयात केलेला क्लास आणि टाकलेला फॅक्ट एकाच क्लासलोडरचे आहेत का? स्प्रिंग बूट डेव्हटूल्स चालू असताना नाव तेच पण क्लास वेगळा असे होते आणि काहीच जुळत नाही. डेव्हटूल्स बंद करून पाहा.
- सगळ्या लायब्ररी कोंबून एकच जार बनवली आहे का? ड्रूल्सच्या काही जारमध्ये एकाच नावाची केआयई कॉन्फ फाइल असते आणि एक दुसरीवर लिहिली जाते. शेड प्लगइनमध्ये त्या जोडणारा ट्रान्सफॉर्मर लावा.

इतके करूनही उलगडा होत नसेल तर अजेंडा लिसनर लावून चाललेल्या प्रत्येक नियमाचे नाव छापा. खरे तर तो लिसनर कायमच ठेवावा; सभासद 'हे ३०० कशाचे' विचारतो तेव्हा उत्तर तिथे असते.

## टप्पा ८: चाचणी

प्रत्येक नियमाची वेगळी चाचणी लिहा. नावाने गाळणारा अजेंडा फिल्टर देऊन एकच नियम चालवता येतो. मग काठावरच्या किमती: ७,५०० आणि ७,५०१, थकबाकी शून्य, नातलग राहत असलेली सदनिका, दोन सदनिकांचा एक मालक, उलाढाल २० लाखांच्या आत असलेली संस्था. फॅक्ट टाकण्याचा क्रम उलटा करूनही तेच बिल आले पाहिजे. नाही आले तर क्रम अजून कुठेतरी गृहीत धरलेला आहे.

शेवटी मागच्या तीन महिन्यांची खरी बिले चालवून रुपयाला रुपया जुळवा. फरक निघाला तर दर वेळी चूक तुमचीच असेल असे नाही. जुन्या एक्सेलमधला घोळही असाच बाहेर पडतो. तो परस्पर दुरुस्त न करता खजिनदाराला दाखवा.

## टप्पा ९: नियम बदलणे

समितीला एक्सेलमधून नियम बदलू द्यायचे असतील तर डिसिजन टेबल (एक्सेलची प्रत्येक ओळ म्हणजे एक नियम) आहे, पण एक गोष्ट आधी समजावा: अटीच्या रकान्यातला रिकामा चौकोन म्हणजे 'रिकामे असेल तर' नव्हे, 'ही अट तपासूच नका'. पार्किंगचा रकाना रिकामा ठेवला की तो आकार सर्वांना लागतो.

नवा दर अमुक तारखेपासून लागू करायला डेट-इफेक्टिव्ह हा गुण सोयीचा वाटतो. तो सेशनच्या घड्याळाकडे पाहतो, बिलाच्या तारखेकडे नाही. जूनमध्ये एप्रिलचे बिल पुन्हा काढले तर जूनचा नियम लागतो. तारखेची तुलना दर-फॅक्ट आणि बिल-संदर्भ यांच्यातच करा, आणि नियमात कुठेही 'आजची तारीख' मागू नका.

नियमांची जार वेगळी ठेवा, तिला स्वतःचा आवृत्ती क्रमांक द्या आणि तो क्रमांक प्रत्येक बिलासोबत डेटाबेसमध्ये लिहा. नवी आवृत्ती बिलांच्या आठवड्यात चढवू नका. चढवण्याआधी जुन्या आणि नव्या जारवर तोच महिना चालवून फक्त फरकाच्या ओळी काढा, आणि त्यातली प्रत्येक ओळ कोणत्या ठरावामुळे आली हे संस्थेकडून लिहून घ्या.